फिल्टरला आणखी एक सॉकेट

चेन्नईत दसरा झाला की माझ्या दुकानात गंध लागलेले कीबोर्ड यायला सुरुवात व्हायची. तिकडे आयुधपूजेला माणूस ज्याच्या जिवावर पोट भरतो त्या वस्तूला चंदन-कुंकू लावतो. रिक्षाला लावतो, शिंप्याच्या कातरीला लावतो, लेथ मशीनला लावतो, तसा वादक आपल्या कीबोर्डला लावतो. लावण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण काही भाविक चंदन चांगलं पातळ कालवायचे आणि पट्टी न् पट्टी बोटाने माखायचे. ते आत ओघळून सुकलं की खालची रबरी बटणं एकमेकांना चिकटायची, आणि सा दाबला की शेजारचा रे आपणहून ओरडायचा. मग "अक्का, आवाज डबल येतोय" म्हणत मंडळी जिना चढायची. मी स्क्रू काढून झाकण उघडून दाखवायची. आतून देवळासारखा वास यायचा.

एग्मोर स्टेशनसमोरच्या गल्लीत एका लॉजच्या पहिल्या मजल्यावर माझी एक खोली होती. तिथे मी बरीच वर्षं गाण्याबजावण्याची यंत्रं दुरुस्त केली. अँप्लिफायर, मिक्सर, कीबोर्ड, आणि डिसेंबरात गाण्याच्या सभांचा हंगाम आला की गवयांच्या श्रुतिपेट्या, म्हणजे तंबोऱ्यासारखा सूर धरून ठेवणाऱ्या पेट्या. बाई दुरुस्ती करते म्हटल्यावर नवीन माणूस आधी माझ्या खांद्यावरून मागे बघायचा, एखादा पुरुष आत बसलाय का म्हणून. मागे भिंत होती. दोन मिनिटं भिंत बघून झाली की तो आपलं यंत्र टेबलावर ठेवायचा.

मी मूळची मिरजेची. आयटीआयमधून रेडिओ-टीव्हीचा कोर्स केला, लग्न होऊन चेन्नईजवळ एन्नोरला आले. नवरा तिथल्या कोळशाच्या वीज केंद्रात होता. क्वार्टर्सच्या गच्चीवर धुणं वाळत घातलं की त्यावर राख बसायची, ती झटकण्यात आमची उमेदीची वर्षं गेली. तो गेल्यावर क्वार्टर सोडावं लागलं. मुलगा शिकायला म्हणून ऑस्ट्रेलियाला गेला तो तिकडचाच झाला. माहेरचे म्हणाले, ये इकडे. पण मिरजेत जाऊन मी काय करणार होते? हाताला काम इथे होतं. पेरांबूरला एक भाड्याची खोली आणि एग्मोरचं दुकान, असा संसार राहिला. एकटं राहायची सवय होते असं लोक सांगतात. मला ती कधीच झाली नाही, नुसता सराव झाला.

दिवसभर तमिळ बोलायचं. ते मी मासळीवाल्या आणि भाजीवाल्या बायकांकडून शिकलेली, त्यामुळे माझ्या तमिळला गिऱ्हाईकं जरा वचकून असत. मराठी फक्त तोंडातल्या तोंडात. रेझिस्टर नावाचा एक बारीक भाग असतो, त्याच्यावर रंगीत पट्टे असतात आणि पट्ट्यांवरून तो किती क्षमतेचा ते कळतं. ते मी "तपकिरी, काळा, लाल" असं पुटपुटत वाचायची. कधीकधी दिवसाकाठी माझ्या तोंडून निघणारं मराठी तेवढंच असायचं.

राव पहिल्यांदा आले ते अशाच एका दुपारी. सत्तरीच्या पुढचे गृहस्थ, लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी, अंगात इस्त्रीचा शर्ट, काखेत जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी. माझ्या हातून तेव्हाच एक नट निसटून टेबलाखाली गेला होता आणि मी वाकून त्याला म्हणत होते, "अरे मेल्या, कुठे जाऊन बसलास?"

दारातून आवाज आला, "अय्यो, तुम्ही आमच्यांतल्याच काय?"

मी डोकं वर काढलं ते टेबलावर आपटूनच.

ते तंजावरकडचे मराठी. पिढ्यान् पिढ्या तिकडे राहिलेले. मैलापूरला घर, विमा कंपनीत कारकुनी करून निवृत्त. पण कारकुनी ही त्यांची वरवरची ओळख होती. रजा टाकून, आजारपणाचं निमित्त काढून ते सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायचे. वाद्यवृंदात व्हायोलिनवाले, तबलेवाले असायचे, आणि कोपऱ्यात एका कपाटाएवढ्या यंत्रापुढे राव. बाणाचा सणसणाट, भुताचं हसणं, देवाचं अंतर्धान पावणं, ही सगळी खाती त्यांच्याकडे. "राक्षस गायब झाला तर तो मीच करायचों," असं ते मोठ्या अभिमानाने सांगायचे. पुढे ही कामं कॉम्प्युटर करू लागला. स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालक ते कपाट भंगारात घालणार होते. रावांनी ते मागून घरी आणलं होतं.

त्या कपाटाला मॉड्युलर सिंथेसायझर म्हणतात. न पाहिलेल्या माणसाला सांगायचं तर ती एक फळी असते आणि तिच्यावर शेजारी शेजारी बसवलेले पत्र्याचे चौकोन. एक चौकोन नुसता कच्चा आवाज काढतो, भोंग्यासारखा. दुसरा त्यातला नको तो भाग गाळतो, त्याला फिल्टर म्हणायचं. तिसरा तो आवाज कसा चढेल आणि कसा मावळेल ते ठरवतो. पण आपापले बसून राहिले तर यातलं काहीच वाजत नाही. प्रत्येक चौकोनावर सॉकेटं असतात, म्हणजे पिन खुपसायची भोकं, आणि दोन्हीकडे पिना असलेल्या आखूड वायरींनी एकाला दुसऱ्याशी जोडत जायचं. कोणाला कोणाशी जोडायचं ते वाजवणाऱ्याने ठरवायचं. असं यंत्र माझ्या हाताखाली तोवर आलं नव्हतं. धोतराच्या तुकड्यातून फिल्टर बाहेर निघाला तेव्हा मी लहान पोरीसारखी त्याच्यावर वाकले.

"ह्यांत गाळून झाल्यावर जें उरतें तें ह्या भोकांतून बाहेर येतें," राव म्हणाले. "मला दुसरें पाहिजे. जें गाळून टाकतो, तें."

"टाकलेलं?"

"टाकलेलं म्हणून वाईट नसतें की."

मागणी अगदी रास्त होती. फिल्टरच्या आत जाड आवाज एका जागी वेगळा होतो आणि चिरका दुसऱ्या जागी. बनवणाऱ्याने फक्त जाड आवाज बाहेर आणला होता, चिरका तिथेच मुका ठेवला होता. ती जागा शोधायची, पुढच्या पत्र्यात भोक पाडायचं, सॉकेट बसवायचं आणि मागून वायर ओढायची. ऐकायला सोपं आहे. पण त्या जागेवरून थेट वायर घेतली तर मूळ आवाज अशक्त होतो. त्या वर्षांत चेन्नईत पाण्याचे जे हाल होते त्यावरून मी रावांना समजावलं होतं. वरच्या मजल्यावरच्याने मोटर लावली की खालच्याचा नळ करंगळीएवढा होतो, तसं हे. म्हणून मध्ये एक छोटी टाकी ठेवायची. एक चिप बसवायची, जी मूळ जागेतून थेंबभरच घेते आणि पुढे हवं तेवढं देते. राव म्हणाले, "आमच्या गल्लींत असली चिप मिळाली असती तर बरें झालें असतें."

काम झाल्यावर त्यांनी माझ्याच टेबलावर तो चिरका आवाज ऐकला. डोळे मिटून ऐकला. घड्या घातलेला धोतराचा तुकडा हातात तसाच राहिला होता. मला माझ्या हातांचा अभिमान वाटला, तो अजून वाटतो.

काही आठवड्यांनी ते पुन्हा आले. आता त्यांना जाड आणि चिरका यांच्या मधला आवाज हवा होता. तोही आत होता, मी तोही बाहेर काढला. मग आवाज किती गाळायचा हे दुसऱ्या एखाद्या चौकोनाने ठरवावं, त्यासाठी एक. मग तसंच आणखी एक, उलट्या दिशेने. दर खेपेला कारण पक्कं असायचं आणि फिल्टर त्याच तुकड्यात गुंडाळलेला असायचा.

ते दार सताड उघडं ठेवायचे आणि दाराशेजारच्या स्टुलावरच बसायचे. मी हातातलं काम करत राहायची, ते बोलत राहायचे. त्यांचं मराठी म्हणजे आपल्या जुन्या पोथीला तमिळ सूर लावलेला. माझं मराठी त्यांना बातम्या सांगितल्यासारखं वाटायचं. मी "गडबड करू नका" म्हटलं की त्या बातम्यांच्या सुराला ते हसत, मी "पोळी" म्हटलं की तमिळ पोळी का मराठी पोळी म्हणून विचारत, कारण तिकडे पोळी म्हणजे पुरणाचीच. त्यांच्या घरी सणाला होणारी डांगर पच्चडी, उडदाचं पीठ दह्यात कालवून केलेली, मला माहीत नाही याचं त्यांना फार वाईट वाटलं होतं. "मराठी म्हणवतांत आणि डांगर पच्चडी खाल्ली नाहीं?" असं त्यांनी दोन वेगवेगळ्या भेटींत विचारलं. ही भाषा ते घरात फक्त बायकोशी बोलायचे. ती जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. मुलगा, सून, नातवंडं सगळी तमिळ आणि इंग्रजीतली. "भांडायला कोणी उरलें नाहीं," ते म्हणाले. "तमिळमध्ये मला भांडतां येतें, पण जोर येत नाहीं."

पुढच्या एका खेपेला मला खरी गोष्ट कळली. सॉकेटात पिन जाऊ-येऊ लागली की त्याच्या कडेला बारीक ओरखडे पडतात. आतली पत्ती जरा सैल होते. रावांच्या मूळ सॉकेटांवर असे ओरखडे दाट होते, पितळ दिसायला लागलं होतं. मी बसवलेल्या पहिल्या दोन सॉकेटांवर थोडे होते. त्यानंतरची सगळी कोरी होती. मी तपासणीसाठी एकेकदा घातलेली पिन सोडली तर त्यांत कधी काहीच गेलं नव्हतं. मी भिंगातून बघत होते आणि राव स्टुलावरून कुठल्याशा लग्नातली हकीगत सांगत होते. मी भिंग खाली ठेवलं नाही. चेहरा झाकायला ते बरं होतं.

मला राग आला नाही. मला इतकं बरं वाटलं की ते लिहायलाही संकोच होतो. माझ्याशी बोलावं म्हणून कोणीतरी चांगल्या पत्र्याला भोकं पाडून घेत होतं.

मी मिरजेची, तोंडाने फटकळ. तरी जमेल तेवढं जपून म्हटलं, "राव, काम नसलं तरी येत जा की. कॉफी पिऊन जा."

ते एकदम सावरून बसले. "काम नसतांना कसें येऊं, बाई?"

"त्यात काय झालं?"

"लोक काय म्हणतील म्हणून नव्हे. मलाच कसें तरी वाटेल." आणि चपला घालून ते लगेच निघाले. ते आता यायचे नाहीत या धास्तीने माझे पुढचे कितीतरी दिवस वाईट गेले. त्यांच्या पिढीच्या, त्यांच्या घरच्या माणसाने एका एकट्या बाईच्या खोलीत नुसतं गप्पा मारायला बसायचं नसतं. काम असलं की सगळं रीतसर असतं. ती रीत मोडायला मी निघाले होते. ते परत आले तेव्हा काखेत फिल्टर होता आणि मी तोंड मिटून तो घेतला.

पण आता एक अडचण होती. फिल्टरच्या आतला जुना बोर्ड, म्हणजे सगळे भाग जिच्यावर जोडलेले असतात ती पाटी. त्याच्यावरच्या तांब्याच्या पट्ट्या फार वेळा तापवल्या की कागदासारख्या उचकटतात, आणि मग तो कोणाच्या बापाच्याने दुरुस्त होत नाही. सोल्डरचा आणखी एक डाग दिला असता तर फिल्टर कायमचा बसला असता. मी रावांना तसं सांगितलं, "बोर्डाला आता हात लावायचा नाही."

ते फिल्टरकडे बघत राहिले. "म्हणजे संपलें?"

"असलेल्या सॉकेटांच्या जोड्या करता येतील. त्याच आवाजाचं दुसरं भोक. मागून वायर फक्त सॉकेटापासून सॉकेटापर्यंत. बोर्डाला धक्का नाही."

त्याचा उपयोग काय, असं कोणीही विचारलं असतं. रावांनी विचारलं नाही. "सरी, सरी. तसेंच करूं," ते म्हणाले, आणि स्टूल जरा पुढे ओढून बसले. मी भोकाची जागा ठरवायला उगाच वेळ लावला. पत्र्यावर पेन्सिलीने खुणा केल्या, पुसल्या, पुन्हा केल्या. अशी दुकानदारी मी आयुष्यात दुसऱ्या कोणाशी केलेली नाही.

त्यानंतर काय घडलं ते रावांच्या मुलाकडून कळलं. त्यांचं मैलापूरचं घर बिल्डरला दिलं होतं. नवीन इमारत उठेपर्यंत सगळे तिथल्याच एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये जाणार होते आणि तिथे कपाट मावणार नव्हतं. बंगळूरच्या एका संगीतवाल्या तरुणाने ते नेलं. फिल्टर तेवढा माझ्याकडे राहिला होता, तो न्यायला मुलगा स्कूटरवरून आला. सभ्य माणूस, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. फिल्टर पिशवीत घालताना मला म्हणाला, "अप्पांनी तुम्हाला फार त्रास दिला, मॅडम. आता नाही देणार."

धोतराचा तुकडा त्याने टेबलावरच ठेवला. मी त्याच्या मागे जिन्यापर्यंत गेले आणि हाक न मारता परत आले.

राव आले नाहीत. येणार कसे? त्यांच्याकडे आता बिघडायला काही उरलं नव्हतं. डिसेंबरचा हंगाम आला, श्रुतिपेट्यांची रांग लागली, गवई घाईने यायचे आणि घाईने जायचे. मला लॉजच्या जिन्यावरची पावलं ओळखायची सवय लागली होती, जी नकोच होती. बंगळूरच्या त्या तरुणाचा एकदा फोन आला. यंत्रावर खूश होता. फक्त फिल्टरच्या काही सॉकेटांतून एकच आवाज का येतो ते त्याला कळत नव्हतं.

"ते तसंच आहे," मी म्हटलं.

"पण का, मॅडम?"

"गिऱ्हाइकाला तसं हवं होतं." फोन ठेवल्यावर मी रडले. दार उघडं होतं ते लोटून घेतलं आणि मोठ्याने रडले. नवरा गेल्यावर माणसं जमली होती म्हणून जे नीट रडता आलं नव्हतं, तेही त्यात होतं.

शेवटी एका रविवारी सकाळी मी उठले आणि मैलापूरची बस धरली. फ्लॅटचा पत्ता रावांच्या मुलाने फिल्टर नेताना दिला होता, काही राहिलं असेल तर पाठवा म्हणून. निघताना मी हत्यारांची पिशवी खांद्याला लावली. त्यांना काय दुरुस्त करून हवंय याचा मला पत्ता नव्हता, पण रिकाम्या हाताने माझाही पाय उचलेना. इतके दिवस त्यांच्या रीतीला मनातल्या मनात हसले होते, आणि आता तीच माझ्या खांद्याला लटकत होती. बसमध्ये दोनदा वाटलं, उतरावं आणि परत फिरावं.

दार सुनेने उघडलं. आत कुठेतरी रेडिओवर तमिळ बातम्या चालू होत्या.

"मेकॅनिक," मी पिशवी दाखवून तमिळमध्ये म्हटलं.

ती गोंधळली. "आम्ही कोणाला बोलावलं नाही. आमच्याकडे सगळं चालू आहे."

खरंच होतं. पंखा फिरत होता, दिवा लागत होता, बातम्या स्वच्छ ऐकू येत होत्या. मी घर चुकलं असेल म्हणून पुटपुटले आणि वळले. भर सकाळी, पन्नाशी उलटलेली बाई, परक्याच्या दारात हत्यारं घेऊन. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

"मीच बोलावलंय त्यांना," आतून आवाज आला. तमिळमध्ये, खणखणीत. "आत येऊ दे."

राव खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. वाळले होते. मी समोर उभी राहिले तसे ते खोलीभर नजर फिरवू लागले. पंख्याकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सून दारात उभी होती. मग त्यांनी शेजारी हात नेला, बातम्या वाचत असलेला ट्रान्झिस्टर मधल्या वाक्यात बंद केला आणि माझ्यापुढे धरला.

"हा," ते मराठीत म्हणाले.

मी जमिनीवर बसले, पिशवी उघडली, स्क्रू ड्रायव्हर काढला. विचारलं, "काय झालंय याला?"

"तें तुम्ही बघा की," राव म्हणाले. "सावकाश बघा."